डावा खांदा

रविवार, पहाटे साडेपाच.
ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून
होटगी रोडच्या शाळेचं मैदान
रात्रीच टँकरनं भिजवून ठेवलेलं.
पुण्याच्या गाड्या आधीच लागलेल्या,
मागची दारं उघडी, आत पिंजरे, पिंजऱ्यांना पंखे,
पंख्यांपुढं झुपकेदार, अदबशीर कुत्री.

आम्ही रिक्षानं आलो.
बोबीन पायाशी. मांडीवर डबा,
डब्यात कडक भाकरी, अर्धी त्याची.

फॉर्मवर रकाना होता : जात.
टेबलामागचा मुलगा म्हणाला, गावठी लिहू?
म्हटलं, सोलापुरी लिही.
त्यानं लिहिलं. वर पाहिलं नाही.

बोबीन कारखान्यातच जन्मला,
सूतकचऱ्याच्या पोत्यामागे,
पाचातला एकटा उरलेला.
मागांच्या खडखडाटात डोळे उघडलेलं कुत्रं
फटाक्यांना भीत नाही.
वीज गेली, माग थांबले,
की मात्र थरथरतं.

वर्षभर विडी घरकुलामागच्या माळावर
मी आणि तो.
उडीला नळाचे पाइप,
रिंगणाला टेम्पोचं टायर,
झुलत्या फळीखाली मोडक्या मागाचा बीम.
आणि बारा काठ्या, एका ओळीत, हातभर अंतरानं,
त्यांच्यामधून नागमोडी जायचं.
पोरं विचारायची,
‘काय कराल्लाव काकू, सर्कस काढाल्लाव काय?’
हो म्हणायचे. तिकीट नाही, बसा.

बाकीचं सगळं शिकवावं लागलं.
काठ्या नाही.
आत, बाहेर, आत, बाहेर,
धोटा बघत वाढलेल्याला
ते काय सांगायचं?

माइकवर माझी इराबत्तीची इरावती झाली.
गेले.
रा, म्हटलं. आला.
दूकु, म्हटलं. उडाला, पाइप हललासुद्धा नाही.
बोगद्यात गेला आणि मी धावत पलीकडं,
साडीचा काचा मारलेला, पायात मुलाचे बूट.
फळीच्या टोकावर तो थांबला,
खाली टेकल्याचा धप् ऐकू आल्यावरच उतरला.
बारा काठ्या
अशा गेल्या की पंख्यांपुढची माणसं उठून उभी राहिली.
मी हे पाहिलं. पाहायला नको होतं.

शेवटची उडी सरळ होती. मी सरळच म्हटलं.
तो डावीकडं वळला,
चौथ्या नंबरची उडी पुन्हा मारली, सुंदर मारली.
शिट्टी.
बाद.

कुणीतरी ‘गावठीच शेवटी’ म्हणालं,
फार मोठ्यानं नाही.

पंच बाई नंतर भाकरीपाशी आल्या.
त्यांनी फोनवर दाखवलं, थांबवून थांबवून.
‘तुमचा डावा खांदा बघा. दमलात की मागं पडतो.
तोंड सरळ म्हणतंय, खांदा म्हणतोय वळ.
कुत्रा खांदा वाचतो, बाई.’

मी पाहिलं.
कुणाचा तरी खांदा होता,
ओझं नसताना वाकलेला.

बावीस वर्षं कांडी मशीनवर
डावीकडं वळतेय. सूत तुटलं, गाठ.
तुटलं, गाठ.
डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, खांदा पाहिला नाही.
नवऱ्यानं ब्लाउजची शिवण उसवते म्हणून
टेलर बदलायला सांगितला.
आरशात तर मी कुंकवापुरतीच असते.

म्हणजे त्यानं ऐकलं नाही असं नाही.
माझंच ऐकलं,
मी बोलत होते त्याच्याही आधीचं.

चटणी माझी, त्याला कोरडी भाकरी.
दोघांनी पाणी एकाच मगातून प्यायलं,
आधी तो.
ट्रॉफ्या वाटेपर्यंत थांबलो नाही,
रिक्षावाला घाई करत होता.

सोमवारी पाळी सातची.
खांदा उचलून बसायचं ठरवलं होतं,
साडेसातला विसरले.
डावीकडचं सूत तुटलं,
मी वळले,
आणि टेबलाखाली झोपेत होता तो बोबीन
उठला,
डावीकडं एक वळण घेतलं,
पुन्हा पडला.