त्रेसष्ट नंबर

चेंडू उचलायचा, तर आधी त्याच्या मागे खूण ठेवायची,
मगच हात लावायचा.
एवढं शिकायला मी, कुमुदिनी हरदास,
वयाच्या बासष्टाव्या वर्षी
कामठीच्या मैदानावर पहाटे साडेपाचला हजर असते,
ऊन डोक्यावर यायच्या आत.

खूण कसली ठेवायची, हे मात्र कुणी शिकवत नाही.

लेकीनं पाठवलेली चुंबकाची टिकली
टोपीच्या कडेला ऐटीत बसते,
पण हिरवळीवर ठेवली की अशी चमकते
की इंद्रायणी चोरघडे पटर खाली टेकवून म्हणतात,
"अहो, झाका ते. मला छिद्रच दिसेना."
मग जुने चौकोनी पाच पैसे नेले.
मे महिन्याच्या वाऱ्यानं ते उचलले आणि पालथे घातले.
कोटाचं बटण गवतात बुडालं,
ते शोधायला गुडघे टेकावे लागले, उठवायला माणूस.
इतवारीत सराफाला म्हटलं, चांदीची चकती करून द्या.
"घालायची कुठं?"
घालायची नाही. जमिनीवर ठेवायची. आणि लगेच उचलायची.
त्यानं काटा बाजूला सारला, माझ्यासाठी पाणी मागवलं.

शून्य मैलाच्या दगडाच्या गावात जन्म काढून
एक खूण निवडायला मला तीन आठवडे लागले.

शेवटी शिवणाच्या डब्यात, हुकांच्या खाली, सापडलं:
सीताबर्डी शाखेचं पितळी टोकन.
वर भोक, मधे त्रेसष्ट,
आकड्यांच्या खाचांत अजून काळं.

एकतीस वर्षं जाळीमागे बसले, काउंटर दोन.
स्लिप घ्यायची, टोकन द्यायचं, नंबर पुकारायचा.
भिंतीवर लाल आकडे लागले तेव्हा
टोकनं किलोच्या भावानं गेली.
हे एक मी पर्समध्ये टाकलं. विचारलं नाही कुणाला.

एका शनिवारी, खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना,
फागोजी बारस्कर नावाचा माणूस आला होता.
चारशे रुपयांची स्लिप, सही मोडकी पण जुळणारी.
टोकन घेऊन समोरच्या बाकावर बसला.
मी पुकारलं. परत पुकारलं. जाळीला तोंड लावून पुकारलं.
बाकावर टोकन होतं, नीट मधोमध ठेवलेलं.
माणूस नव्हता.
शिपाई पानठेल्यापर्यंत बघून आला.
मी चार नोटा परत खात्यावर चढवल्या,
हिशेब पैशापैशानं जुळला,
आणि तरी त्या रात्री झोप लागली नाही.
पुढे कधी आलाच असेल, तर माझ्या रजेच्या दिवशी.

"लय जाड हाय जी मॅडम," तुळशीराम म्हणतो, बॅग खांद्यावर सावरत.
"लोकायचा बॉल उडते ना यावरून."
खरं आहे. म्हणून आज चोरघडेबाईंच्या रेषेतून
मी ते पटरभर सरकवलं, निंबाच्या दिशेनं.
त्यांचा चेंडू गेला. माझी पाळी आली.
मी वाकले, आकडा वाचला,
चेंडू टोकनाशी टेकवला,
टोकन उचलून बाजूला टाकलं आणि मारला.

पडला. बारा फुटांवरून, पहिल्याच फटक्यात,
तो आतला खळ्ळ आवाज करून.

"टोकन परत सरकवलं कुठं तुम्ही?" चोरघडेबाई म्हणाल्या.
"जागा चुकली."
दोन फटक्यांचा दंड.
हिशेबात मी वाद घालत नाही. कार्डावर लिहिले.

तुळशीरामनं गवतातून टोकन उचललं,
पँटीला पुसलं, डोळ्यांजवळ नेऊन वाचलं,
आणि काय वाटलं त्याला कोण जाणे,
समोर रांग असल्यासारखा मोठ्यांदा ओरडला,
"त्रेसष्ट!"

माठाजवळच्या माळ्यानं मान वर केली.

मी हात पुढे केला.