बाहेर

रविवारी सकाळी सात वाजता, मांजलपूरला,
सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी गाडीखाली शिरलो.
वय एकसष्ट. अंगाखाली जुना फ्लेक्स,
कुठल्याशा गरबा क्लासचा,
पाठीला कुणाचे तरी हसरे दात.

याकुतपुऱ्यात इस्माईलभाईंकडे शिकलो तेव्हा
फिएटचं बॉनेट उघडलं की फटीतून जमीन दिसायची.
एकोणीसचा पाना, घमेलं, फडकं;
चहा येईस्तोवर तेल गळून व्हायचं.
एक थेंब बोटावर घेऊन ते अंगठ्याने चोळायचे,
म्हणायचे, अजून पाचशे किलोमीटर चालेल.
आणि चालायचं.

आता वर प्लास्टिकचं झाकण,
खाली काळा ट्रे, अकरा स्क्रू, चार क्लिपा.
तिसरी क्लिप तुटली. सुटी मिळत नाही,
अख्खा ट्रे घ्यावा लागतो.
फिल्टर दिसतो तिथून हात जात नाही,
हात जातो तिथून दिसत नाही.
तेल कोमट हवं म्हणून मीच फेरी मारून आणलेली,
कोपर सायलेन्सरला चिकटलं
आणि एकसष्टाव्या वर्षी तोंडून आई निघाली.

'आ शुं करो छो, काका?'
सेक्रेटरी हसितभाईंच्या चपला टायरपाशी थांबल्या.
पेव्हर ब्लॉकवर डाग पडेल, म्हणाल्या चपला.
पुसून देतो, मी खालून म्हटलं.
चपला बराच वेळ हलल्या नाहीत.

बोल्ट किती आवळायचा ते पुस्तकात आकड्यात दिलंय.
इस्माईलभाई म्हणायचे, मनगट सांगेल तेवढा.
माझं मनगट आता काही सांगत नाही,
रात्री ठणकतं, तेवढंच.

तरी झालं. साडेतीन लिटर,
पाण्यासारखं पातळ, रंग मात्र मधाचा,
डिपस्टिकवर बरोब्बर वरच्या खुणेला.
कुमुदला खाली बोलावून दाखवलं.
ती म्हणाली, छान. नखं बघ.

गाडी सुरू केली. समोर पिवळा पाना पेटला:
ऑइल बदला.
बंद केली, सुरू केली.
ऑइल बदला.
खालच्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, किल्ली अर्धी फिरवून
ब्रेक तीनदा दाबा.
या गाडीला किल्लीच नाही.

सोमवारी गोरव्याला, सर्व्हिस सेंटरमध्ये,
ध्रुमिल नावाच्या पोराने स्टिअरिंगखाली वायर खुपसली.
वीस सेकंद. तीनशे चोपन्न रुपये, जीएसटी धरून.
'ऑइल कोणी बदललं, अंकल?'
मी.
त्याने टॅबवरची यादी तळापर्यंत सरकवली.
तसा पर्याय नव्हता.
'बाहेर' असं त्याने निवडलं.

जुनं तेल कॅनमध्ये भरून बाल्कनीत ठेवलंय.
पूर्वी सुतार मागून न्यायचे, चौकटींना, वाळवीसाठी.
आमच्या चौकटी ग्रॅनाइटच्या.
कधी झाकण उघडून एक थेंब बोटावर घेतो,
अंगठ्याने चोळतो.

अजून पाचशे चाललं असतं.