नवतपा

गोळीबार चौकातून आत, पिंपळाखाली स्कूटी लावली.
सीट तापून तवा.
बॅगेत वजनकाटा, लोहाच्या गोळ्या,
आणि रजिस्टर, चौदा रकान्यांचं.
अकरा बाळाचे.
आईच्या वाट्याला टाके, ताप, अंगावरचं जाणं.

पुढच्या खोलीत कूलर,
मागच्या खोलीत रोशनी.
"बाळंतिणीले वारं लागते," म्हणून मधलं दार लोटलेलं.

बाळ तीन किलो दोनशे.
नखं कापलेली, टाळू तेलानं भिजलेली,
कानामागं काजळाची तीट.
इतकं नीटनेटकं लेकरू
की मी पेनाचं टोपण काढलं
आणि थांबले.

बाळ तिच्या मांडीवर होतं.
शहर बसमध्ये कुणी उभ्या बाईनं
आपली पिशवी धरायला द्यावी,
तसं.

"पाजतेस?"
"हो जी."
"जेवतेस?"
"हो जी."
"झोप?"
"ते झोपलं की झोपते," बाहेरून सासू.
शिलाई मशीन चालूच, साड्यांना फॉल लावणं.
पाण्याचा गिलास भरलेला,
वर साय धरावी तशी धूळ.

सोळा वर्षांपूर्वी तांडापेठेत
असंच गुटगुटीत बाळ तोललं होतं.
त्याची आई म्हणाली होती,
"सिस्टर, चहा घ्या ना. बसा ना थोडं."
मला अजून सात घरं करायची होती.
तिच्या नावापुढे माझ्या अक्षरात लिहिलंय, ठीक.
पुढच्या सोमवारी गेले
तर तिच्या दारात चपलाच चपला.

नंतर कधीतरी ट्रेनिंग झालं.
दहा प्रश्नांचा कागद मिळाला,
घड्यांवर फाटला, मी सेलोटेप लावला.
तो मी वाचून दाखवत नाही.
बीपीचा पट्टा बांधते,
फुगा दाबते, हवा सावकाश सोडते,
हात दुसऱ्याच्या हातात असला
की बायका बोलतात.

"रोशनी, हे रडलं की काय वाटते तुले?"
"काहीच नाही जी."
पारा उतरत होता.
"कोणाचं तरी लेकरू वाटते.
मी बी कोणाची तरी."

"आपण नसतो तर बरं झालं असतं,
असं येते मनात?"

बाहेर मशीन थांबलं.
कूलरचं पाणी ठिबकताना ऐकू आलं.

तिनं मान हलवली.
हो की नाही, ते कळायला
मला एक श्वास जास्त लागला.

"काही ठरवलं का, कसं, कधी?"
"नाही जी. फक्त गच्चीवर वाळत घालायले गेली
की भेव वाटते. कठड्यापासून
दूर उभी राहतो मी."

असं बोलू नये, म्हटलं नाही.
बाळाकडं बघ, म्हटलं नाही.
"बाळंतपणात ताप येते ना कोणाकोणाले,
तसंच हे. तुही चूक नाही.
यालेबी डॉक्टर असते.
उद्याच जाऊ मेडिकलले, मी येतो सोबत.
आज रात्री एकटी झोपायचं नाही."

दारात सासू. बोटाला गुंडाळलेला
गुलाबी धागा अजून तसाच.
"आमच्या टायमाले याले बाहेरचं म्हणत," ती म्हणाली.
"मले अंगारा लावला होता. धाकट्याच्या वेळेस.
चार महिने मी विहिरीकडून जात नव्हती,
फिरून जात होती, लांबून."
मग जरा वेळानं, धागा सोडवत,
"कोणं इचारलंच नाही, बाई."

आम्ही दोघींनी कूलर ओढला.
स्टँडचं एक चाक अडकलेलं, फरशीवर ओरखडा उठला,
तरी ओढला, मागच्या दारापर्यंत.
रोशनीच्या कपाळावरचे केस
हलले. एवढंच.

आज चहा घेतला. साखर जास्त होती.
आठ घरं राहिली होती,
चौघींना फोन करून सांगितलं, उशीर होईल.

रजिस्टरात वजन लिहिलं, ३.२.
आणि समासात, जिथं काही लिहायचं नसतं तिथं:
उद्या सकाळी नऊ.
गच्चीची किल्ली सासूकडे.