पाच जणांत एक डबा

पाच पोरं दुकानात आली,
काउंटरवर मोबाइल आडवा ठेवून म्हणाली,
"भाऊ, हा डबा चालन का?"

फोटोत साबणाच्या वडीएवढा काळा डबा,
शेजारी दोन कंट्रोलर,
खाली पाच हजार नऊशे नव्व्याण्णव.
आत अँड्रॉइड, म्हणजे यांच्या खिशात आहे तेच,
फक्त टीव्हीला जोडायचं
आणि काचेवर घासून गुळगुळीत झालेल्या अंगठ्यांना
एकदाची खरी बटणं द्यायची.

बारा वर्षं मोबाइल उघडतोय मी.
चिपचं नाव वाचलं, ओळखीचं निघालं.
सरपंचाच्या मेहुण्याच्या फोनमध्ये होती ही,
व्हिडिओ कॉल लावला की
भाकर शेकावी इतका तापायचा.
आणि मे महिन्यात पारव्यात माणसंच हँग होतात.
तसं सांगितलं.
रेहान म्हणाला, "मंग पंखा लावू ना समोर."

मेमरी सोळा, त्यातली सात तो डबाच खाणार,
उरलेल्या नऊत तुम्ही पाच.
अपडेट येईल? कंपनी तरी राहील का वर्षभर?
बोटांसाठी केलेले गेम बटणांना जुमानतील?
नेट येतं फक्त पाण्याच्या टाकीखाली,
लाइन सातला जाते, नऊला आली तर आली.
मी सांगत गेलो. ती ऐकत गेली,
साखर सोडा म्हणणाऱ्या डॉक्टरचं ऐकतात तशी,
खिशात जिलेबीची पुडी ठेवून.

पैसे मोजून झाले होते.
तथागतची स्कॉलरशिप. रेहानचे पंक्चरचे.
राठोडाच्या अनमोलनं सायकल विकली,
घरी अजून सांगितलेलं नाही.
गुरनुल्यांच्या कुणालनं रुपया दिला नाही,
त्याच्याकडे भोक आहे,
टीव्हीच्या मागचं, एचडीएमआयचं.
गावात अशी भोकं तीन.
आणि रोशनी कुमरेचे तेंदूपत्त्याचे बावीसशे,
सगळ्यात जास्त.
ती इतका वेळ बोलली नव्हती.

आता बोलली:
"कोनाच्या घरी लावसान?
राती मी कोनाच्या घरी येऊ?"

कुणाल चपलेकडे पाहू लागला.
माझ्या एवढ्या लांब यादीत
हा बिघाड नव्हता.

आमच्या वेळी घाटंजीला, स्टँडमागं,
रुपयात दहा मिनिटं मिळायची.
कॅसेटीत फुंकर मारायची, परत खोचायची.
मला बोलवायला छबू यायची, माझी लहान बहीण,
दारातल्या पोत्यावर उभी राहून बघायची.
कोणता खड्डा कुठं येतो
तिला माझ्याआधी पाठ झालं होतं.
"उडी!" म्हणायची, आणि मी उडायचो.
एकदाही म्हणालो नाही, घे, तू उड.
तेव्हा सुचलंच नाही.
सुचलं असतं तरी दिलं असतं का, माहीत नाही.

डबा बुक झाला. अकरा ते वीस दिवस.
गावाचं नाव पारवा असलं
तरी आमचं पार्सल उडत येत नाही,
घाटंजीला उतरतं, तिथं निजतं,
कुणी जाऊन उठवावं लागतं.
पोरं रोज विचारतात.
मी जॉयस्टिकच्या दोन स्प्रिंगा मागवून ठेवल्यात,
तुटणार तर आहेतच.

दुकानातला टीव्ही मी मागच्या खोलीत नेला,
बायकोच्या शिलाई मशीनशेजारी.
पोर्ट ढिला होता, सोल्डर केला.
बायको म्हणाली, "कायले?"
म्हटलं, "असंच."

काल रोशनी ब्लाउजचं माप घेऊन आली, आईचं.
"आला का?"
"नाही."
टीव्ही चालूच होता.
निळ्या पडद्यावर 'नो सिग्नल'ची पाटी
इकडून तिकडे तरंगत होती,
कडेला आपटून परत फिरत होती.
रोशनी उभीच राहिली. मग म्हणाली,
"कोपऱ्यात बराबर लागते का हो, कधी?"

बायकोनं मशीन थांबवलं.
आम्ही तिघं बघत बसलो.
दोनदा अगदी थोडक्यात हुकलं.