बेबी ऑफ नागमणी

केसपेपरवर तिला नाव नव्हतं.
बेबी ऑफ नागमणी चिप्पा, फीमेल,
अकराशे ऐंशी ग्रॅम.
हजार विड्यांचं पान-तंबाखू मिळून जेवढं भरतं
त्याहून जराशी जास्त.

दुपारी चार ते साडेचार काचेबाहेर उभं राहायचं.
आत दिवा, दिव्याखाली ती,
डाव्या हाताला पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चिकटपट्टी,
पट्टीखाली कुठंतरी सुई.
शुक्रवारी हात फुगलेला दिसला.
मी काच वाजवली. सिस्टर, हात बघा की.
सूज येतेच, मावशी. घरी जा.
मी बावीस वर्षांची होते.

शनिवारी बोटं जांभळी.
रविवारी मोठे डॉक्टर येत नाहीत.
सोमवारी माझी सही घेतली,
कशावर, ते इंग्रजीत होतं.

कारखान्यात चेकर असतो.
पान आखूड, दोरा सैल, तोंड नीट मुडपलेलं नाही
की छाट म्हणून बाजूला फेकतो, मजुरी कापतो.
पंधरा विड्यांसाठी मी त्याच्याशी भांडलेय.
त्या तीन रात्रींची छाट कोण काढणार
हे विचारायला मला एकोणीस महिने लागले.

येमूल वकीलबाईंचं ऑफिस टॉवेलच्या दुकानावर, जिना अरुंद.
म्हणाल्या, आधी कागद काढू.
कागद निघाले, झेरॉक्सचे चारशे रुपये गेले.
त्यात दर तासाला लिहिलंय: हात पाहिला, ओके.
रात्री एक, ओके. दोन, ओके.
तीन वाजता ओके, चारला ओके,
सगळे एका शाईत, एका मापाचे,
गोल कुठंच चेपलेला नाही.
मी रात्री विड्या वळते, बाई.
तीन वाजता हात असा चालत नाही.
बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, हे परत सांगा, सावकाश.

दवाखान्याचे कागद इंग्रजीत, अर्ज मराठीत.
जिना उतरताना मी रडले ते तेलुगूत.

त्यांचं म्हणणं आलं, नऊ पानी.
साडेसहा महिन्यांचं मूल, जगलं कोणामुळं?
ते खोटं नाही.
जगवली त्यांनीच, त्याच खोलीत.
त्याचं बिल मी गंठण मोडून भरलंय,
पावती जोडलीय, निशाणी सात.

आकडा काढायचा होता.
बाईंनी विचारलं, मोठी होऊन ही किती कमावली असती?
सासू म्हणाली, विडीच वळली असती की,
हजाराची जी मजुरी बसते ती धरा.
सासूच्या पुढं मी कधी बोलले नव्हते.
लिहा, म्हटलं, काहीपण लिहा.
विडी लिहू नका.

आज ग्राहक आयोगात तारीख होती.
बाहेर ऊन असं की बाकाचं लोखंड हात लावू देईना.
प्रतिज्ञापत्राला ती सिस्टरपण आलेली,
आता लग्न झालेलं, मंगळसूत्र नवं.
वकील नसताना हळूच म्हणाली,
चौदा बाळं होती, आम्ही दोघी.
मी काही बोलले नाही.
बोलले असते तर काय बोलले असते
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

साहेब रजेवर. शिपायानं ओरडून सांगितलं, अठरा तारीख.

अम्मा, अठरा म्हणजे किती?
भार्गवी चार वर्षांची, तिला सगळं मोजायचं असतं.
आधी तिची स्वतःची, सात.
मग माझा हात ओढला, मग दुसरा,
सतरापर्यंत आली आणि थांबली.
इकडंतिकडं बघितलं.
बाकाच्या टोकाला सिस्टर बसली होती, फाईल मांडीवर.
भार्गवी उठली,
तिचं एक बोट धरून म्हणाली,
अठरा.