खालचा दोरा

जुफेरमध्ये, नाविकतळाच्या दुसऱ्या फाटकासमोर
माझं शिवणकामाचं दुकान. सव्वीस वर्षं झाली.
खलाशांच्या छातीवरची नावं शिवतो मी.
काही नावं तर जिभेला वळत नाहीत,
पण सुईचं त्यावाचून अडत नाही.

सुट्टीत चिपळूणला गेलो की सलूनमध्ये हमखास विचारतात,
काय मास्टर, हलतंय का त्यांचं सिंहासन?
आणि उत्तरही तेच देतात :
तेल, डॉलर, चीनची जहाजं.
मी साबण लावलेल्या तोंडानं हं हं करतो.
मला जहाजांतलं कळत नाही.
मशीनमधलं कळतं.

मशीनला दोरे दोन.
वरचा सगळ्यांना दिसतो, त्याचं रीळ, त्याचा रंग.
खालचा बॉबिनमध्ये, झाकणाखाली, अंधारात.
दोघांची गाठ पडली तरच टाका पडतो.
खालचा संपला तरी मशीन थांबत नाही.
सुई त्याच तोऱ्यात खालीवर,
कापड सरकतंय, आवाजही तोच,
शिकाऊ पोरगं हातभर शिवत जातं
आणि उचलून बघतं तर
नुसती भोकं.
आवाजावर जाऊ नको,
माझे उस्ताद दिलावर परकार म्हणायचे,
उलटं करून बघ.

निझार बसऱ्याचा. दुभाषा.
अकरा वर्षं त्यांच्या बोटीवर.
मासेमारी होड्यांना कर्ण्यावरून सांगायचा,
घाबरू नका, ही माणसं शब्दाची आहेत.
होड्या जवळ यायच्या.
तोफा बघून कधी कुणी जवळ आलंय?

तिकडे राहायला जायचा कागद मिळणार होता त्याला.
पुढच्या महिन्यात.
मग पुढच्या वर्षी.
मग साहेब बदलले, फाइल नव्यानं सुरू झाली,
आणि एका मंगळवारी फोनवर बाईचा गोड आवाज :
योजना बंद झाली आहे. आपल्या सेवेबद्दल आभार.

संध्याकाळी जॅकेट घेऊन आला.
नाव काढ, म्हणाला.
म्हटलं, असू दे, थंडीत लागेल.
जॅकेट लागेल, म्हणाला. नाव काढ.

शिवायला लागली असतील दहा मिनिटं.
उसवायला तास गेला,
ब्लेडच्या टोकानं एकेक टाका.
तो चहा घेऊन बसला होता. प्यायला नाही.
समोर झेंडा उतरवायची वेळ झाली,
बिगूल वाजला
रोजच्यासारखा, एक सूर न चुकता.

दोरे निघाले, पण नाव जाईना.
भोवतीचं कापड उन्हानं विटलेलं,
नावाखालचं तेवढं कोरं, गर्द निळं :
पाचही अक्षरं
आधीपेक्षा ठळक.

पैसे नको म्हटलं मी.
त्यानं तीनशे फिल्स मोजून ठेवले.
उधारी पुरे झाली, म्हणाला.

होड्या आता लांबून जातात, असं मुहर्रकचा मासेवाला सांगतो.
खरं-खोटं त्याला ठाऊक.

काल फाटकातून एक विशीचा पोरगा आला.
बारा नावपट्ट्या, उद्याच हव्यात.
रात्री बसून शिवल्या.
देताना सवयीनं एकेक उलटी करून बघत होतो,
तर हसला.
मागची बाजू
कोण बघतंय, मास्टर?