पडदा काळाच

तिन्ही पंखे फिरतायत.
मदरबोर्डच्या कडेला एक नारिंगी दिवा,
आणि पडदा काळा.
'सिग्नल नाही' एवढं सांगून मॉनिटर झोपी जातो.

यास्नाने हा एकेक भाग जमवला
खेकड्यांच्या हंगामातून,
पॅकिंगच्या शेडमध्ये, हातमोज्यांतही बोटं सुजवून.
एक पगार प्रोसेसरला, दोन ग्राफिक्स कार्डला.
कॅबिनेट पुएर्तो मोंतहून बोटीने आलं,
चार दिवस लाटा खाऊन,
आणि बाजूची काच शाबूत निघाली तेव्हा
ती खोक्यालाच टेकून बसली जरा वेळ.
मी काही बोललो नाही.
तिने मार्चमध्ये नर्सिंग सोडलं, तेव्हापासून
आम्ही तसंही मीठ दे, दार लाव, एवढंच बोलायचो.

मी एकतीस वर्षं फेरीबोटीवर वायरमन.
सामुद्रधुनीच्या मधोमध, टॉर्च दातांत धरून
मेलेला जनरेटर उठवलाय मी.
तेव्हा घोडं कुठे पेंड खातंय
ते मला कळणारच, असं मी धरून चाललो.

आधी आळ मॉनिटरवर.
शेजारच्या रोसामेलचा टीव्ही उचलून आणला.
तोही काळा. चोर सोडून संन्याशाला फाशी.
मग दिसलं, केबल मदरबोर्डच्या भोकात,
कार्ड बिचारं रिकामंच.
यास्नाने जीभ चावली, केबल बदलली.
काळा.
मेमरीच्या पट्ट्या काढल्या, खोडरबराने पुसल्या,
एकच बसवली, मग दुसरीच, मग जागा बदलून दोन्ही.
काळा.
"ती आठ पिनांची वायर?"
"लावलीय."
"नीट?"
"बाबा."

नाण्याएवढी बॅटरी काढून
पाच मिनिटं माझ्या खिशात ठेवली,
किल्ल्यांच्या आणि एका जुन्या तिकिटाच्या सोबत.
शेवटी सगळं कॅबिनेटबाहेर, जेवणाच्या टेबलावर,
पुठ्ठ्यावर उघडा बोर्ड, शेजारी पाव,
आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन पिनांना लावून
मी तो चालू करायचो.
पंखे. नारिंगी दिवा. दहापर्यंत मोजायचं. बंद.
पुन्हा. कधीकधी सहालाच बंद.

"तुम्ही नेहमी लवकर बंद करता,"
ती म्हणाली, मान वर न करता.
संगणकाबद्दलच बोलतेय, असं मी ठरवून टाकलं.

तिसऱ्या रात्री वाऱ्याने छपराचा पत्रा उचलला.
आम्ही दोघं शिडीवर, दोर, खिळे,
टेबलावर बोर्ड तसाच चालू राहिला,
कुणाच्या ध्यानात?
वर ती मला काहीतरी सांगत होती,
"जमत नव्हतं असं नाही, मला
..."
पुढचं वाऱ्याने नेलं.
हाती आलं तेवढ्यावर मी मान हलवली,
आणि माझा हात सुटू नये म्हणून
तिने माझा पट्टा घट्ट धरून ठेवला होता.

खाली आलो तर स्वयंपाकघरात निळसर उजेड.
रोसामेलच्या टीव्हीवर अक्षरांच्या ओळी,
कधीच्या येऊन थांबल्यासारख्या.

माहितीपत्रक तिने नंतर वाचलं, मोठ्याने:
नवी मेमरी पहिल्यांदा चालू झाली की
बोर्ड तिची ओळख करून घेतो, कण अन् कण,
काही मिनिटं लागतात,
तोवर पडद्यावर काही येत नाही.
आणि आम्ही दर वेळी दहाला त्याची मान मुरगाळली,
त्याने दर वेळी पहिल्यापासून सुरुवात केली.
मला हसू यायला हवं होतं.

घड्याळ मात्र हरवलेलं. माझ्या खिशातला तो प्रताप.
एक जानेवारी, मध्यरात्र, कुठलंसं जुनं वर्ष.
"किती वाजले?" तिने विचारलं.
"पावणेबारा."
तिने तारीख टाकली, तास टाकले,
मग कीबोर्ड माझ्याकडे सरकवला.
मी एका बोटाने पंचेचाळीस शोधत होतो,
पाच सापडेपर्यंत
सेहेचाळीस झाले होते.
ती काही म्हणाली नाही.
वाट बघत राहिली.